खिळ्यावरचा नान

बर्लिन, ९ नोव्हेंबर

चि. सालोमत हिस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी पोचलो. विमान पडलं नाही. मुकद्दसने फोनवर कळवलंच असेल, पण मुलीने सांगणं वेगळं आणि ज्याचा जीव टांगणीला लागला होता त्याने सांगणं वेगळं. फोनवर मला बोलता येत नाही. इकडे मुकद्दस आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवते, तिकडे तुझी सून तेच करते. मग दोन घरं आणि अर्धी गल्ली कान लावून बसते आणि मी बरं आहे, बरं आहे करून मोकळा होतो. म्हणून यापुढे मनातलं सगळं पत्रात. माझं शिक्षण पाचवीपर्यंतचं, पुढचा सगळा जन्म तंदूर घडवण्यात गेला. अक्षर ओल्या मातीत काडीने ओढल्यासारखं येतं. सांभाळून घे.

घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण मी तिच्यात पाय ठेवत नाही. मध्येच अडकली तर जर्मन भाषेत ओरडावं लागेल, आणि मला धन्यवाद आणि शुभ प्रभात एवढंच येतं. अडकलेला माणूस आतून धन्यवाद म्हणून ओरडतोय हे काही बरं दिसत नाही. म्हणून जिना. जिन्यातही विजेचा दिवा आपोआप विझतो, नेमका मी तिसऱ्या मजल्यावर असताना. मग मी भिंतीला टेकून उभा राहतो आणि कोणी येईपर्यंत दुवा म्हणतो. परवा माझी दाढी पाहून टपालवाली दचकली. मी तिला शुभ प्रभात म्हणालो. दुपार होती.

मुकद्दसची झेबो दीड महिन्याची झाली. कपाळावर तुझ्यासारखी आठी घेऊनच जन्माला आलीय. बापाने घेतलं की रडते, मी घेतलं की गप्प. त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

आता मुख्य गोष्ट. निघताना तुझ्या हातच्या नानचा मी एक घास दातांनी तोडला आणि उरलेला तू फडक्यात गुंडाळून तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलास. वडील युद्धावर निघाले तेव्हा आजीनेही असाच टांगला होता. चार वर्षांनी ते परत आले आणि तो दगड चहात बुडवून त्यांनी स्वतः संपवला, तेव्हाच आजी म्हणाली की आता माझा मुलगा आला. मलाही माझा संपवायचाय, जर्दाळू पिकतील तेव्हा. तोवर त्याच्यावर नजर ठेव. उंदीर, मुंग्या, ओल. खिळा मीच ठोकलाय, पण त्याला तीस वर्षं झाली. एकदा हलवून बघ.

लोभ आहेच, त्याला थंडी लागू देऊ नकोस.

तुझा अका
तोख्तासिन


रिश्तान, ६ डिसेंबर

ती. अका यांस सालोमतचा सा. सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. विमान पडलं नाही हे तुमच्या हस्ताक्षरात वाचलं तेव्हा कुठे विश्वास बसला. मुकद्दस काय, धीर द्यायला काहीही सांगेल.

खिळा हलवून बघितला. तो हलला नाही, स्टुलावर चढलेली मीच हलले. तेवढ्यात तुमचा जुना दोस्त ईर्गाश मास्तर तुमची खुशाली विचारायला दारात आला होता, त्याने स्टूल धरलं म्हणून वाचले. सत्तरी उलटली तरी बत्तीसही दात शाबूत आहेत हे त्याने याही वेळी सांगितलं. मी पडत होते तेव्हाच सांगितलं.

नान ठणठणीत आहे. उंदीर नाही, मुंगी नाही. चावलेली बाजू पश्चिमेकडे वळवून टांगलाय, म्हणजे त्याला तुम्ही दिसाल.

तुमच्या घराची किल्ली माझ्या कमरेला असते. रोज सकाळी दार उघडते, अंगण झाडते आणि सवयीने दोन वाट्या चहा ओतते. एक पिते. दुसरी वाया कशाला घालवायची, म्हणून तुमच्या जर्दाळूच्या झाडाला घालते. यंदा जर्दाळू चहासारखे लागले तर मला बोलायचं नाही.

लिफ्टचं म्हणाल तर तुम्ही अजिबात बसू नका. तुम्ही आत आणि बाहेर जर्मन, यात मला त्या जर्मनांचीच कीव येते.

इकडची आठवण रोज थोडी काढत जा, एकदम काढलीत तर छातीत दुखेल.

तुमची
सालोमत


बर्लिन, १९ जानेवारी

चि. सालोमत हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्या हातून गुन्हा झाला. इथे रविवारी आवाज करायचा नसतो. कोणी मेलेलं नसतं, तरीही करायचा नसतो. मला काय माहीत! मी रविवारी सकाळी पुलावासाठी गाजरं चिरायला बसलो. तुला माझं गाजर चिरणं ठाऊक आहे, फळीवर घोडा धावल्यासारखं. तासाभराने दाराला चिठ्ठी चिकटवलेली. खाली राहणाऱ्या श्रीमती वेंट्सेल यांची. मुकद्दसने वाचून दाखवली. लिहिलं होतं की वर काय तोडताय ते कृपया सोमवारी तोडा.

मला घाम फुटला. शेजाऱ्याशी बिघडलं तर परक्या मुलखात जगायचं कसं? पुलाव झाल्या झाल्या ताट भरून खाली गेलो, शुभ प्रभात म्हणालो आणि ताट तिच्या हातात ठेवून पळालो. दुसऱ्या दिवशी ताट दारात होतं. स्वच्छ धुतलेलं, आणि रिकामं! सालोमत, रिकामं ताट! आपल्याकडे मुलीचं लग्न मोडताना करतात तसं! मी दोन दिवस नीट जेवलो नाही. शेवटी मुकद्दसने खाली जाऊन सांगितलं की आमच्याकडे ताट रिकामं परत करणं म्हणजे संबंध तोडणं. पाच मिनिटांत बाई धापा टाकत वर आली, तेच ताट मागून घेऊन गेली आणि त्यात एक सफरचंद ठेवून परत घेऊन आली. एकच. पण मधोमध ठेवलं होतं.

आता जड गोष्ट. मुकद्दसने माझ्या नावाने इथे राहण्याचा अर्ज भरलाय. चोवीस एप्रिलला कचेरीत जाऊन सही करायची आणि बोटांचे ठसे द्यायचे. नाही दिले तर मेअखेर परत. मी तिला सांगितलं की माझा नान तिकडे खिळ्याला टांगलाय, मी सही कशी करू? सही केली की मी इथला झालो, मग त्या नानने वाट कोणाची बघायची? ती डोळे पुसत उठून गेली, आणि त्या दिवशी कांदा चिरलेला नव्हता.

तुला सोडून इथे राहायचं म्हटलं की मी उठून बॅग काढतो. पण दुसरीकडे झेबो आहे. ती माझी दाढी मुठीत धरून झोपते. मूठ सोडवायला गेलं तर आणखी आवळते, मग मी तासभर वाकून बसतो. मेमध्ये मी निघून गेलो तर तिला माझी आठवणसुद्धा राहणार नाही. इतक्या लहानपणी गेलेला आजोबा म्हणजे नुसता फोटो.

तूच सांग, काय करू. पण सही करा असं सांगू नकोस, आणि करू नका असंही सांगू नकोस. दोन्हींचा मला त्रास होतो.

तुझा लोभ हाच काय तो आधार, तो सैल करू नकोस.

तुझा अका
तोख्तासिन

ता. क. नान कसा आहे?


रिश्तान, १२ फेब्रुवारी

ती. अका यांस सा. सलाम, वि. वि.

पत्र वाचून मी आणि सून पोट धरून हसलो. मग मी सफरचंदाचं पुन्हा वाचलं आणि मला त्या बाईची माया वाटली. एकटी असेल. एकटं माणूस सफरचंदं एकेकच आणतं.

इथे बर्फ पडलं आणि वितळलं. तुमच्या गच्चीचं पन्हाळं तुंबलं होतं, ईर्गाश मास्तरने साफ केलं. आता गल्लीभर सांगत फिरतोय की तोख्तासिनचं घर त्याने वाचवलं. तुम्ही घडवलेला शेवटचा तंदूर बेकरीवाल्याने अंगणातून उचलून दुकानात बसवला. भाजणी सुरेख येते म्हणतो, आणि तुमच्यासारखं मातीत मेंढीची लोकर मळणारं आता कोणी उरलं नाही म्हणतो. मी मान डोलावली आणि चार नान फुकट घेऊन आले.

माझी डावीकडची दाढ दुखतेय. आठवडाभर पातळच खातेय. काळजी करू नका, किंवा करा, तुम्ही करणारच.

मुकद्दसचा फोन आला होता, सून बाजारात गेली होती तेव्हा. आम्ही दोघी बराच वेळ बोललो. काय बोललो ते विचारू नका, बायकांचं होतं.

सहीबद्दल मी काही सांगत नाही. दोन्ही दारं तुम्हीच लावून घेतलीत, आता मी बोलायचं कुठून? फक्त एवढंच सांगते की दाढीचा केस तुटला तरी चालेल, पण त्या पोरीची मूठ जबरदस्तीने सोडवू नका.

सगळ्यांना सलाम, आणि तुम्हाला सगळ्यांपेक्षा थोडा जास्त.

सालोमत


बर्लिन, ३ मार्च

सालोमत हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीन पानी. त्यात बर्फ आहे, पन्हाळं आहे, तंदूर आहे, दाढ आहे, फुकटचे चार नान आहेत. माझा नान नाही. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून शोधला. पाकीट उलटं करून झटकलं.

मी शेवटी वेगळी ओळ घालून विचारलं होतं. ज्या बाईने डिसेंबरात त्याची चावलेली बाजू कोणत्या दिशेला आहे तेही लिहिलं, ती फेब्रुवारीत गप्प का? पडला का? भिजला का? सांग, मी घट्ट मनाचा आहे. अक्षर वाकडं आलंय, ते थंडीने.

मला त्याचा फोटो हवाय. फोनवर नको, तिथे मुकद्दस आधी बघते आणि मग मला काय दाखवायचं ते ठरवते. कागदावर छापून पाकिटात घालून पाठव. चावलेली बाजू दिसली पाहिजे. बाकी कुशल. झेबोला आता हसू येतं. श्रीमती वेंट्सेलच्या चष्म्याला हसते.

उत्तर लवकर दे, नाहीतर लोभाला काय अर्थ?

तोख्तासिन


रिश्तान, २१ मार्च

ती. अका यांस सा. सलाम, वि. वि.

नवरोजच्या शुभेच्छा! अंकुरलेल्या गव्हाच्या सुमलकची कढई ढवळून ढवळून हात भरून आलाय, म्हणून थोडक्यात लिहिते. फोटो सोबत आहे. बघा किती छान आहे. अगदी काल भाजल्यासारखा. उगाच काळजी करत होतात.

जर्दाळूला फुलं आलीत. सगळं उत्तम आहे. सगळं अगदी उत्तम आहे.

सालोमत


बर्लिन, ५ एप्रिल

सालोमत,

आशीर्वाद आहेतच, पण आधी उत्तर दे.

फोटो मी खिडकीशी नेऊन बघितला. मग मुकद्दसच्या भिंगाखाली बघितला. ती पुलांचे नकाशे त्याच भिंगाखाली बघते, म्हणजे भिंगाला दोष देता येणार नाही. नान सुंदर आहे. चावा त्याहून सुंदर आहे. चंद्रकोरीसारखा, एका ओळीत, एकही खंड नाही.

माझे वरचे पुढचे दोन दात परवाच्या उन्हाळ्यात अक्रोड फोडताना पडले. तू समोर होतीस. तूच म्हणालीस की आता शीळ छान वाजेल. माझ्या चाव्यात मधोमध खिंड असायला हवी, आणि या फोटोत अख्खा डोंगर उभा आहे!

आणि मला कळलं, तो डोंगर कोणाचा ते. सत्तर वर्षांच्या माणसाचे असे दात अख्ख्या रिश्तानात एकाच्याच तोंडात आहेत. शाळेत असताना माझी नाशपाती त्याने हिसकावून याच दातांनी चावली होती, ती खूण मी मरेपर्यंत विसरणार नाही. हा ईर्गाशचा चावा आहे!

आता दोन प्रश्न. माझा नान कुठे आहे, आणि ईर्गाश मास्तर तुझ्या स्वयंपाकघरात चावत काय बसला होता? दुसऱ्याचं उत्तर आधी दिलंस तरी चालेल. नाही, पहिल्याचंच आधी दे.

सालोमत, मी घाबरलोय. चिडलेला दिसतो, पण घाबरलोय. माझा नान उंदराने खाल्ला असेल तर मी परत कसा येणार? आता जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरतो. काल शिंक आली तर मुकद्दसला जवळ बोलावून माझा कोट कोणाला द्यायचा ते सांगून ठेवलं.

चोवीस तारीख तोंडावर आलीय. तुझं उत्तर वाचल्याशिवाय मी त्या कागदाला हात लावणार नाही. मुकद्दसच्या कचेरीतली एक बाई उद्या आपल्या फरगान्याला निघतेय, हे पत्र तिच्याकडे देतोय. सतरा तारखेला ती परत निघेल, तिच्याच हाती उत्तर दे. खरं लिही. खोटं लिहिलंस तर मी भिंग आणीन.

तोख्तासिन


रिश्तान, १६ एप्रिल

ती. अका यांस सा. सलाम, वि. वि.

ती बाई बाहेर ओसरीवर चहा पितेय आणि मी आत बसून हे लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नका.

नान मी खाल्ला. उंदराने नाही, मुंगीने नाही. तुमच्या सख्ख्या बहिणीने.

फेब्रुवारीत मुकद्दसचा फोन आला तेव्हा ती रडत होती. म्हणाली की आत्या, ते सही करत नाहीत, रोज नान नान करतात. इथे ते झेबोशी जितकं हसतात तितकं मी त्यांना आई गेल्यापासून हसताना पाहिलं नाही. मी तिला म्हटलं, मी बघते. फोन ठेवला आणि खिळ्याखाली बसून राहिले. वर बघितलं तर तो फडक्यात गुंडाळलेला, पश्चिमेकडे तोंड करून. तेव्हा मनात आलं, दोरी तर मीच धरलीय. तिकडून एक तान्ही पोर दाढी ओढतेय, इकडून म्हातारी बहीण नान ओढतेय, आणि मधल्या मधे माझ्या भावाचे तुकडे होतायत. मोठी कोण आम्हा दोघींत? मीच सोडायला हवं ना?

नान टाकून देता येत नाही. पाखरांना घालावा तर तुमचा घास, जीव होईना. दुसरा मार्गच नव्हता. चहात भिजवून चार दिवस खाल्ला. अका, काय सांगू, तुम्ही घडवलेला तंदूर फुटेल पण तो नान फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी दाढ हलली, पुढे ती काढावी लागली. पण संपवला, चुऱ्यासकट. सही झाल्यावर सांगणार होते.

मग तुमचं फोटोचं फर्मान आलं. घाईघाईने नवा भाजला. आधी मीच चावले, पण गाल सुजलेला, मांजरीने ओरबाडल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून ईर्गाश मास्तरला हाक मारली. का चावायचं ते त्याने विचारलंसुद्धा नाही, रुमालाने तोंड पुसलं आणि चावला. आता रोज सकाळी कुंपणावरून विचारतो, आणखी काही चावायचं आहे का. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. सध्या तरी.

आणि दातांचं. तुमचे दोन दात पडलेत हे मला आठवलंच नाही. रोज समोर बसून चहा प्यायचात, तरीही नाही आठवलं. मी नवा नान हातात घेऊन तुमचा चावा आठवायला लागले, तर मला दिसले ते कुंपणावर चढून कच्चे जर्दाळू करकरा चावणारे तुम्ही. माझ्या डोळ्यांपुढे तुमचे दात अजून सगळे आहेत, अका.

आता खिळा मोकळा आहे. तुम्हीही मोकळे. मी सांगायचं नाही असं बजावलं होतंत, ते मोडते. सही करा.

बाईचा चहा संपला. कठडा मात्र धरत जा, त्याचा नानशी संबंध नाही.

रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका, माझ्याकडे आता तेवढाच उरलाय.

तुमची
सालोमत


बर्लिन, २७ एप्रिल

माझ्या चि. सालोमत हिस अनेक, अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र त्या बाईने खाली दारातच दिलं. जिना चढेपर्यंत धीर निघेना, म्हणून मी लिफ्टमध्ये शिरलो. वाचत वाचत वर गेलो, वाचत वाचत खाली आलो, पुन्हा वर गेलो. अडकली नाही. तिसऱ्या खेपेला श्रीमती वेंट्सेल आत आली, माझा चेहरा बघितला आणि आपला रुमाल दिला. मी धन्यवाद म्हणालो. या वेळी बरोबर होतं.

आधी मी घाबरलो. मग रागावलो. मग तुझी दाढ आठवली आणि मला इतकं हसू आलं की झेबोही हसायला लागली. वडिलांनी स्वतःचा नान स्वतः खाल्ला, ते परत आले. माझा तू खाल्लास. मी दिवसभर विचार केला. एवढंच सुचलं, की माझा घास तुझ्या पोटात आहे, आणि ती जागा खिळ्यापेक्षा काही वाईट नाही.

चोवीसला कचेरीत गेलो. सही करताना नाव अर्धवट आलं आणि कागदाची चौकट संपली. टेबलामागची बाई म्हणाली चालेल. मग तिने दहाही बोटांचे ठसे घेतले, तंदूराची माती अजून रेषांत आहे की काय म्हणून काचेवर दोनदा टेकवायला लावली. आणि मग तिने सांगितलं, मुकद्दसने मला समजावलं, की मला हवं तेव्हा रिश्तानला जाता येईल, फक्त सहा महिन्यांच्या आत परत यायचं. नाहीतर कागद रद्द.

मी मुकद्दसला तीनदा विचारायला लावलं. मग मला उमजलं आणि मी त्या कचेरीतच मोठ्याने हसलो. तीन महिने मी समजत होतो की सही म्हणजे दार बंद. आणि यांनी काय केलं? माझ्या बोटांची खूण ठेवून घेतली आणि म्हणाले, जाऊन या, आम्ही वाट बघतो. अगं, हा तर त्यांचा नान झाला! बाईने विचारलं काय झालं. मुकद्दसने तिला आपली पद्धत सांगितली. तिच्या टेबलावर अर्धा खाल्लेला पाव होता, तो तिने उचलून हळूच खणात ठेवला.

आज रविवार. सकाळी मी पीठ मळलं. इथल्या भट्टीत नान कसला भाजला जातोय, पण झाला, एका बाजूने काळा आणि एका बाजूने रुसलेला. छताला लावलेल्या यंत्राने धुराची बोंब ठोकली ती वेगळी. मी सगळ्यांसमोर घास तोडला, फडक्यात गुंडाळला आणि हातोडी उचलली. पहिल्याच ठोक्याला दारावर थाप. श्रीमती वेंट्सेल, चिठ्ठी न लिहिता स्वतःच. रविवार, ती म्हणाली. मुकद्दसने सांगितलं की माणूस प्रवासाला निघतोय आणि परत यायचं असेल तर हे निघण्याआधी टांगावंच लागतं. बाईने नानकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली निघून गेली. मी म्हटलं, संपलं, आता पोलीस. ती परत आली ती एक जाड लोकरीचा मोजा घेऊन. हातोडीच्या तोंडाला तो चढवला, माझ्या हातात दिली आणि तीन बोटं दाखवली. तीन ठोके. खिळा बसला. नान टांगला. चावलेली बाजू पूर्वेकडे.

कारण आम्ही येतोय, सालोमत! मी, मुकद्दस आणि झेबो. आठ जूनला, जर्दाळू पिकतील तेव्हा. जावई आठवड्याने येईल. चहासारखे लागले तरी मी सगळे खाईन. झाडाला घालतेस ती वाटी आता भरून ठेव, मी पिणार आहे. ईर्गाशला सांग की मी येईपर्यंत त्याने काहीही चावू नये. मी आल्यानंतरचं तुझं तू ठरव, मी अंगणात असेन, मला ऐकू येणार नाही.

एक शेवटचं. पुन्हा निघण्याच्या दिवशी तुझ्या हातचा नान भाज. दोन नको, एकच. झेबोला परवा दात आले. दोन, खालचे, अगदी मधोमध. माझे दोन गेलेत ते वरचे, अगदी मधोमध. एकाच जागी आधी मी चावेन आणि मग ती चावेल. असा चावा अख्ख्या फरगान्यात दुसरा नसेल. मग बघू, तुझा मास्तर त्याची नक्कल कशी करतो ते!

लोभाचं इथे लिहीत नाही, तो या वेळी स्वतः घेऊन येतोय.

तुझा अका
तोख्तासिन

ता. क. खिळा पुन्हा एकदा हलवून बघ. आता त्याला दोघांचं वजन पेलायचं आहे.